दुपारपर्यंतची शपथ

दारू सोडायच्या शपथा मी जेवढ्या घेतल्या तेवढ्या आमच्या गावात कुणी घेतल्या नसतील. देवळात बेलभंडार उचलून घेतली, आईच्या पायांवर डोकं ठेवून घेतली, पोरीच्या टाळूवर हात ठेवून घेतली. प्रत्येक शपथ जन्मभराची. त्यातली सगळ्यात लांब टिकली ती नऊ दिवस, आणि तीही मला ताप भरला होता म्हणून. शपथ घेतली की मला इतकं पुण्यवान वाटायचं की त्या आनंदातच पाय शिंदीखान्याकडे वळायचे. लोक हसायचे, मीही त्यांच्याबरोबर हसायचो. त्यात हसण्यासारखं काय होतं ते आता समजत नाही.

निजामाच्या राजवटीतली गोष्ट आहे. आमचं गाव पाटोद्यापासून चार कोसांवर, डोंगराच्या उतरणीला. गावात शाळा नव्हती, दवाखाना नव्हता, पण सरकारी गुत्त्याचा शिंदीखाना होता. सकाळी ताजी शिंदी, सांजेला मोहाची. सरकारला आमच्या अक्षराची काळजी नव्हती, घशाची होती. अक्षरं मी फार पुढं, पन्नाशी उलटल्यावर शिकलो, म्हणून आज हे लिहिता येतं आहे. सरकारला आणखी चार शिव्या देता येतील, पण आपला राग दुसऱ्याच्या दारात नेऊन टाकायची मला जुनी खोड आहे, तेव्हा इथंच थांबतो. मला धरून कुणी पाजत नव्हतं.

मी सुतार. नांगर, तिफण, दारं सगळं करायचो, पण माझं खरं काम गाडीच्या चाकांचं. हात चांगला होता. तो चांगला होता हेच माझं नुकसान, कारण प्यालेला असलो तरी लोक काम द्यायचे. नागपंचमीच्या आधी एका शेजाऱ्याच्या गाडीच्या चाकाचे दोन आरे मी बदलून दिले. वाळलेली बाभूळ दुकानात होती, पण ती मागच्या ढिगात खाली होती. ढीग उपसायचा तर सांज झाली असती, आणि सांजेला मला दुसरीकडे जायचं होतं. मी हाताशी होतं त्या ओल्या लाकडाचे आरे ठोकून दिले. ओलं लाकूड वाळलं की आकसतं आणि भोकात खुळखुळतं. हे सुताराच्या घरातलं शेंबडं पोरही सांगेल.

त्याच गाडीतून माझी बायको आणि चार वर्षांची पोर पंचमीला पाटोद्याला निघाली. बायकोचं माहेर तिथलं. उतारावर चाक मोडलं, गाडी कलली, पोर खाली पडली आणि तिचा डावा हात कोपराखाली मोडला. हाडवैद्यानं बांबूच्या कामट्या लावून बांधला. मला हे दुसऱ्या दिवशी दुपारी कळलं. आदल्या सांजेला निरोप घेऊन माणूस आला होता, पण मी ऐकण्याच्या अवस्थेत नव्हतो.

पंधरा दिवसांनी मी त्यांना आणायला गेलो. सासऱ्यांनी पाणी दिलं, बसायला घोंगडी दिली. आवाज चढवला असता तर मला बरं वाटलं असतं. ते शांतपणे म्हणाले, "जावाईबापू, लेक मी धाडनार न्हाई असं म्हनत न्हाई. दसऱ्याला या. शुद्धीवर या. आन् तुमच्या हातच्या चाकांच्या गाडीत या. ती चाकं बघून मी ठरवीन."

मी म्हणालो, "मामा, या घडीपासून जन्मात शिवनार न्हाई. शपथ घेतो."

"शपथ नगं," ते म्हणाले. "चाकं आना."

आतल्या दारात बायको उभी होती. पोर तिच्या मागं होती आणि बांधलेला हात दुसऱ्या हातानं धरून माझ्याकडे बघत होती. त्या दिवशी मला कळलं की या दोघी आता घरी आल्या तर दसऱ्यालाच येतील, नाहीतर येणार नाहीत. इतकं कळूनही मी परत येताना वाटेत प्यालो. पोळ्यालाही प्यालो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडून बसलो तेव्हा हातात लाकूड तासायचा वाकस धरवत नव्हता.

माझ्या दुकानाला लागून नालबंद चाचांचा भाता होता. ते बैलांना नाल ठोकायचे आणि मी केलेल्या चाकांवर लोखंडी धाव चढवायचे. जवानीत तेही पीत होते असं लोक सांगायचे, त्यांनी स्वतः कधी सांगितलं नाही. जिभेला धार फार. त्या सकाळी माझा थरथरता हात बघून ते म्हणाले, "क्या बे, आज कोंच्या देवाची शपथ?"

मी सासऱ्याची अट सांगितली. रडलोही थोडा. चाचांनी रडणं संपेपर्यंत चिलीम भरली.

"मंग, किती दिस सोडनार?"

"जन्मभर."

"जन्म काय तुज्या बापानं लिहून दिलाय का बे? आजचं बोल. दुपारच्या नमाजापर्यंत पिनार न्हाई म्हन. जमतंय तेवढं?"

मला अपमान वाटला. मी जन्माची भाषा करणारा माणूस आणि हा म्हातारा मला दुपारपर्यंतचं मागतो, जशी काही लहान पोराची समजूत घालतो आहे. मी म्हणालो, "दुपारपर्यंत तं कुनीबी राहील."

"तू राहून दाखव. आन् दया आली म्हून सांगत न्हाई मी. बाजरी निघंल आता. गाड्या लागतील. तू चाकं केली न्हाईस तं मी धाव कशावर चढवू, तुज्या टकुऱ्यावर?"

मी दुपारपर्यंत राहिलो. हात थरथरत असल्यानं त्यांनी मला भाता ओढायला बसवलं, कारण भाता ओढायला हात स्थिर लागत नाही. दुपारी नमाज पढून आले आणि म्हणाले, "आता तिसऱ्या पारापर्यंत." तिसऱ्या प्रहरी म्हणाले, "आता दिवे लागंपर्यंत." दिवे लागायची वेळ सगळ्यात वाईट. दिवसभर मान खाली घालून गेलेला माणूस त्या वेळी वर बघतो आणि त्याला शिंदीखाना दिसतो. चाचांनी विचारलं, "सांजच्याला पोटात काय असतंय तुज्या?" मी म्हणालो, काही नसतं. घरी जाऊन जेवतो, गेलो तर. "हां," ते म्हणाले, "भुक्या पोटाला दारू लई ग्वाड लागती. उद्यापासून भाकर हितं मागव. दिवस बुडायच्या आत खायची. आन् घरी जाताना आडावरच्या वाटेनं न्हाई जायचं, मशिदीच्या मागून जायचं." मागची वाट काट्याकुट्यांची होती, पण तिच्यावर शिंदीखाना नव्हता.

एवढंच. मंत्र नाही, गंडा नाही, उपदेश नाही. मला त्या वेळी हे सगळं फार क्षुल्लक वाटलं. माझ्या दुःखाच्या मानानं भाकरी आणि वाट या गोष्टी फार हलक्या होत्या.

आठवड्यानं हात जरा ताळ्यावर आला. पाटलांना बाजरीच्या सुगीसाठी चाकांची नवी जोडी हवी होती. लाकूड त्यांचं, काम माझं, आणि नव्या चाकांची पहिली फेरी दसऱ्याला पाटोद्याची, असं मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलं. एका चाकाला बारा आरे, दोन चाकांना चोवीस. मधल्या लाकडी गड्ड्याला आम्ही तुंबा म्हणतो. तुंब्यात प्रत्येक आऱ्यासाठी भोक पाडायचं, आऱ्याचं टोक त्या भोकाच्या मापानं तासायचं, आणि ते असं बसलं पाहिजे की ठोकताना आवाज बदलला की समजावं, आता हे हलायचं नाही. चाचांनी आता नमाजाचं माप सोडून दिलं. म्हणाले, "हा आरा बसंपर्यंत पिऊ नको. बसला की मला दाखव. मंग पुढचं बोलू." मी आरा दाखवायला न्यायचो. ते धरून हलवायचे, कान लावायचे, आणि म्हणायचे, "दुसरा." शाबासकी कधी दिली नाही. एकदा मी विचारलं की चोवीस झाल्यावर काय. ते म्हणाले, "तवा मला इचार. आता कावून इचारतो?"

आई रोज दिवस बुडायच्या आत भाकरी घेऊन यायची. विधवा बाई, मी तिचा एकुलता एक. गरम भाकरी, ठेचा, कधी अंबाडीची भाजी. मी खाईपर्यंत दुकानाच्या पायरीवर पदर डोक्यावर घेऊन बसायची आणि भांडं घेऊन परत जायची. तिच्या मनात काय चाललं आहे याचा मी विचार केला नाही. माझ्या मनात मीच इतका भरलेला होतो की दुसऱ्या कुणाला जागा नव्हती.

तिसऱ्या आठवड्यात बाजारच्या दिवशी पाटोद्याहून आलेल्या एका माणसानं सांगितलं की पोरीच्या हाताच्या कामट्या सोडल्या, हाड जुळलं, पण हात जरा वाकडा राहिला. मी त्याला चहा पाजला, दुकान बंद केलं आणि आडावरच्या वाटेनं गेलो. दुसऱ्या दिवशी तासलेला आरा दोन बोटं आखूड निघाला. चाचांनी माप घेतलं आणि तो सरळ भात्याच्या विस्तवात टाकला.

मी म्हणालो, "संपलं चाचा. सगळं गेलं."

"काय गेलं?"

"सगळं."

"एक आरा गेला. आट तुंब्यात बसल्याले हायेत, ते काय उठून गेले का? जा, लाकूड काड."

मला त्यांचा इतका राग आला की लाकूड काढताना मी तोंडातल्या तोंडात त्यांना शिव्या देत होतो. पण सांजेपर्यंत नववा आरा बसला. माझ्या उभ्या आयुष्यात मला कुणी सांगितलं नव्हतं की मोडलेल्या ठिकाणाहून पुढं जाता येतं. माझी प्रत्येक शपथ मडक्यासारखी होती, तडा गेला की फेकायची. त्या दिवसानंतर दसऱ्याच्या दोन दिवस आधीपर्यंत मी थेंब घेतला नाही. त्या दिवसांची मला अजून आठवण आहे. सकाळी पाणी गोड लागायचं. माळावरच्या सीताफळांचे डोळे उघडत होते, त्यांतलं एक मी खाल्लं आणि त्याची चव मला लागली, याचंच मला नवल वाटलं.

अष्टमीला चाचांनी धाव चढवली. गोवऱ्यांच्या जाळात लोखंडी कडी लाल केली, दोघातिघांनी चिमट्यांनी उचलून चाकावर बसवली, वरून पाणी ओतलं. लोखंड आवळलं, चोवीसच्या चोवीस आरे एकदा करकरले आणि गप्प झाले. चाचांनी दोन्ही चाकं जमिनीवर आपटून बघितली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "चांगली झाली." त्यांच्या तोंडून मी हे दोन शब्द आधीही ऐकले नव्हते आणि नंतरही ऐकले नाहीत.

दुसरा दिवस खंडेनवमीचा. आमच्यात त्या दिवशी हत्यारांची पूजा असते. वाकस, करवत, पटाशी, गिरमिट सगळं धुऊन मी घोंगडीवर मांडलं, हळदकुंकू लावलं, झेंडूची फुलं वाहिली. आई मागं येऊन उभी राहिली. तिच्या हातात फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं. चेहरा इतका उजळलेला होता की मला वाटलं पाटोद्याहून निरोप आला.

"लेकरा," ती म्हणाली, "म्हसोबाला बोललेते मी. पंचमीलाच बोललेते. माज्या लेकाची दारू सुटू दे, तुला नवमीला कोंबडं दीन आन् बाटली दीन. सुटली बग. आज फेडायचं हाय. उद्या सून दारात यायच्या आत फेडायला पायजे, न्हाईतर नातीवर कोप व्हतो."

तिनं फडकं उघडलं. आत मोहाची बाटली होती.

मी ती बाटली बघत राहिलो. माझ्या आईनं जन्मात शिंदीखान्याच्या ओट्यावर पाय दिला नव्हता. तिथून जाताना ती तोंडाला पदर लावायची. ती सकाळी तिथं जाऊन, पुरुषांच्या रांगेत उभं राहून, माझी दारू सुटली म्हणून दारू घेऊन आली होती. आज कुणाला हे सांगितलं तर हसतील. आमच्याकडे त्या वेळी कुणी हसलं नसतं. म्हसोबा दारू घेतो, मग त्याला दारूच द्यायची, नवस कशाचा का असेना. तिच्या हिशेबी त्यात काही वावगं नव्हतं. भाकरी रोज तिनं आणली, मागची वाट चाचांनी दाखवली, आरे मी तासले, आणि श्रेय गेलं ओढ्याकाठच्या शेंदूर लावलेल्या दगडाला.

मी नाही म्हणू शकलो असतो. तिला सांगू शकलो असतो, माय, तू जा, मी येत नाही, माझ्या वतीनं म्हसोबाचा भगत दारूची धार सोडील. मी तसं म्हणालो नाही. ती बाटली बघून मला काय वाटलं ते इथं लिहितो, कारण ते मी कुणाला सांगितलेलं नाही. मला आनंद झाला. भीती नंतर वाटली.

म्हसोबाचं ठाणं ओढ्यापलीकडे लिंबाखाली. बायकांना दगडाजवळ जायची मनाई होती, त्यांनी वीस-पंचवीस पावलांवर बांधापाशी थांबायचं. आई तिथं हात जोडून उभी राहिली. भगतानं कोंबडं दिलं, बाटलीतली धार दगडावर सोडली. अर्धी बाटली उरली. ज्याच्या नावाचा नवस त्यानं उरलेल्यातलं तोंडाला लावायचं, ही रीत. भगतानं पळसाच्या द्रोणात थोडी ओतली आणि माझ्यापुढं धरली. हा भगत मला लहानपणापासून ओळखत होता. त्यानं मान खाली घातली आणि आईला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाला, "बोट बुडव आन् व्हटाला लाव. तेवढं पुरतंय. म्हसोबाला ठावं हाय तुजं."

मी ऐकलं. शब्द न् शब्द ऐकला.

मग मी त्याच्या हातातून द्रोण घेतला आणि एका दमात रिकामा केला. त्यानं माझ्याकडे बघितलं. मी उरलेली बाटली उचलली आणि म्हणालो, "परसाद टाकू न्हाई." बांधापाशी आईनं नवस पावला म्हणून जमिनीला डोकं टेकवलं.

पुढची दुपार सांगण्यासारखी नाही. बाटली ओढ्यातच संपली आणि मी शिंदीखान्यात गेलो. तिथं लोकांनी माझं स्वागत केलं, तीन आठवड्यांनी आलो म्हणून. मी सगळ्यांना सांगत होतो की माझा काही इलाज नव्हता, देवाचं काम होतं. ते म्हणत होते, बरोबर आहे, देवापुढं कुणाचं काय चालतं. त्या एका दुपारी मी ती गोष्ट इतक्या वेळा सांगितली की सांजेपर्यंत भगताचे शब्द तिच्यातून पार निघून गेले.

दसऱ्याच्या सकाळी चाचा गाडीच्या आसाला वंगण घालत होते. मी जवळ गेलो तसं त्यांनी नाक आवळलं. कुणीतरी त्यांना सांगितलं असणार. म्हणाले, "आज जाऊ नको. परवा जा."

"दसरा आज हाय, चाचा. सबूद दिलाय."

"सबूद शुद्धीचा बी दिलाय ना बे? तोंडाचा वास जाऊ दे. निरोप धाड, बैल लंगडतोय म्हन, कायबी म्हन. दोन दिसांनी तुजा सासरा काय मरत न्हाई. काल एक आरा गेला. परवापर्यंत नवा बसंल."

इतकं साधं होतं. दोन दिवस. आणि मी, ज्यानं चोवीस आरे एकेक करून बसवले होते, मी छाती काढून म्हणालो की मर्दाचा शब्द म्हणजे शब्द, दसरा म्हणजे दसरा. शिवाय हात कापत होता आणि चार कोस बैल हाकायचे होते, म्हणून वाटेत थोडी घेतली. तोंडात वेलदोडा टाकला. वेलदोड्यानं वास जातो अशी सगळ्या दारुड्यांची पक्की समजूत असते.

पाटोद्यात पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. सासरे बाहेर आले. माझ्याशी बोलण्याआधी ते चाकांपाशी गेले, खाली बसले, आणि एकेका आऱ्यावरून हात फिरवला. दोन-तीन धरून हलवून बघितले. उठले तेव्हा त्यांचे डोळे ओले होते. "जावाईबापू," ते म्हणाले, "चाक लई चांगलं केलंत."

पोर नव्या परकरात धावत आली आणि माझ्याकडे न येता सरळ गाडीत चढून बसली. चढताना तिनं डावा हात वापरला नाही. बायको आतून गाठोडं घेऊन आली. म्हणजे गाठोडं बांधून तयार होतं. ती सकाळपासून तयार बसली होती. गाठोडं गाडीत ठेवायला ती माझ्याजवळून वाकली आणि तशीच थांबली.

"वास येतोय," ती म्हणाली.

"देवाचा परसाद हाय," मी म्हणालो. "मायनं म्हसोबाला नवस बोललाता. घ्यावा लागला."

"कालचा का आजचा?"

मी तोंडातला वेलदोडा चावला. मला वाटलं ती रडेल, किंवा ओरडेल, आणि दोन्हीला माझ्याकडे उत्तर तयार होतं. तिनं गाडीत हात घालून पोरीला उचललं. पोर गाडीची कडा सोडेना, तिची बोटं एकेक करून सोडवावी लागली. मग गाठोडं काखेत घेऊन ती मला म्हणाली, "मंग देवालाच बसवा गाडीत." आणि आत गेली. सासऱ्यांनी दार लावलं नाही, नुसते दारात उभे राहिले, आणि ते दार लावण्यापेक्षा वाईट होतं.

घरी आलो तेव्हा आई उंबऱ्यावर उभी होती. नातीवरून आणि सुनेवरून उतरून टाकायला भाकरीचा तुकडा आणि तांब्या घेऊन. तिनं रिकामी गाडी बघितली, परत बघितली, मागं कुणी चालत येतं आहे का तेही बघितलं. मी गाडीतून उतरलो आणि तिच्या तोंडावर म्हणालो, "तुज्या नवसानं घात केला माजा. सुटलेली दारू तूच पाजलीस." तिच्या हातातला तुकडा खाली पडला. तिनं तो उचलला, कपाळाला लावला आणि आत जाऊन बसली.

त्यानंतर ती म्हसोबाकडे कधी गेली नाही. नवमीला गोड खाल्लं नाही. दिवाळीनंतर एक दिवस मला न सांगता चार कोस अनवाणी चालत पाटोद्याला गेली आणि सुनेच्या पायाशी बसली, की चूक माझी आहे, लेकाची नाही, मी म्हातारी अडाणी. बायकोनं तिला जेवू घातलं, पायाला तेल लावलं, आणि म्हणाली, "आत्याबाई, तुमची चूक न्हाई. तुमी त्येंच्या तोंडात न्हाई वतली." आईनं मला हे सगळं सांगितलं आणि म्हणाली, पोर चांगली आहे, माझं मन राखायला बोलली. आईला कितीही सांगितलं असतं तरी तिचा समज बदलला नसता, असं मी स्वतःला सांगत आलो. पण मी तिला कधी सांगितलंच नाही.

उलट मी तो नवस वापरला. पुढची सात वर्षं प्यालो आणि तिनं कधी डोळ्यांत पाणी आणलं की म्हणायचो, "पहिली कुनी दिली?" की ती गप्प व्हायची. इतका हुकमी उपाय मला आयुष्यात दुसरा सापडला नाही. पोरीचं लग्न, तेव्हाच्या रीतीनं, अकराव्या वर्षीच तिच्या आजोबांनी लावलं. मला बोलावणं होतं, पण ते पाव्हण्यासारखं होतं, आणि मी पाव्हण्यासारखा जाऊन आलो.

दारू सुटली ती त्यानंतर. काही घडलं म्हणून नाही. हातात वाकस अजिबात धरवेना तेव्हा मी चाचांच्या भात्यापाशी जाऊन बसलो. त्यांची नजर गेली होती, काम पोरं बघत होती. त्यांनी पायाच्या आवाजावरून ओळखलं आणि माझ्या हातात भात्याची दांडी दिली. दुपारपर्यंत ओढली, मग तिसऱ्या प्रहरापर्यंत. आई पुन्हा भाकरी आणू लागली. आता तिला चालायला दुप्पट वेळ लागायचा. आज तेहतीस वर्षं झाली. बायको आली नाही. तिला मी विचारलंही नाही, विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं.

माझी सुटून दोन वर्षं झाली होती तेव्हा आई गेली. चार दिवस अंथरुणाला होती. शेवटच्या दिवशी सकाळी घरात शेजारपाजारची माणसं होती, आणि भगतही होता. तो आता थकला होता, भिंतीला टेकून बसला होता. आईनं मला जवळ बोलावलं. आवाज खोल गेला होता, पण सगळ्यांना ऐकू येत होतं.

"लेकरा," ती म्हणाली, "तुजं घर मी मोडलं. मी नवस बोलले नसते तं तुजी लेकबायको घरी आली असती. एवढं माफ कर. तू म्हन, म्हंजी मला जाता यील."

भगतानं मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. त्याला 'बोट बुडव' हे आपले शब्द आठवत होते, हे मला दिसलं. मी आता शुद्धीवर होतो. दोन वर्षं शुद्धीवर होतो. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. आई माझ्या तोंडाकडे बघत होती.

मी तिचा हात हातात घेतला आणि म्हणालो, "केलं, माय. माफ केलं."